वर्गणी, वाटा आणि संमती

अनेकांच्या प्रयत्नांचे फळ ज्याच्या पदरात पडते, त्याने त्या प्रयत्नांच्या खर्चातही वाटा उचलावा की नाही, हा प्रश्न कामगार संघटनांइतकाच परदेशातील मराठी मंडळांनाही लागू पडतो. यंदाच्या गणेशोत्सवात सभासद नसलेल्या कुटुंबांकडून केवळ सभागृहाचे भाडे व महाप्रसाद यांपुरता वाटा घेण्याचा निर्णय आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीने घेतला आणि त्यावर जो वाद झाला, त्यात दोन्ही बाजूंनी कामगार वर्गणीचाच दाखला दिला. मंडळातील अनेक कुटुंबे मूळची नाशिकची असून कोणाच्या घरी नाशिकरोडच्या सरकारी प्रेसची, तर कोणाच्या घरी सातपूर-अंबडच्या कारखान्यांची नोकरी होती, त्यामुळे हे स्वाभाविकच होते. मात्र तो दाखला पूर्ण तपासणे आवश्यक आहे.

खासगी कारखान्यांच्या बाबतीत महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा महत्त्वाचा ठरतो. पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या उद्योगात सलग सहा महिने किमान ३० टक्के कामगार सभासद असलेल्या संघटनेला या कायद्याने ‘मान्यताप्राप्त संघटना’ होण्याचा, म्हणजे सर्वांच्या वतीने वेतन करार करण्याचा, मार्ग खुला केला. करार सर्वांना लागू होतो, वर्गणीची पावती मात्र स्वेच्छेने फाडायची असते, आणि यातूनच लाभ सर्वांचा व खर्च काहींचा अशी स्थिती निर्माण होते. बामर लॉरी कंपनीच्या मुंबईतील करारात प्रत्येक कामगाराच्या फरकाच्या, म्हणजे मागील थकीत वेतनवाढीच्या, रकमेतून १५ टक्के कापून मान्यताप्राप्त संघटनेच्या निधीत भरण्याचे कलम होते. प्रतिस्पर्धी संघटनेने त्याला आव्हान दिले, परंतु डिसेंबर १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही सक्तीची वसुलीही नाही आणि करही नाही, असे ठरवून ते कलम वैध मानले. ही कंपनी सरकारी मालकीची होती, तरी या कलमापुरता न्यायालयाचा भर मालक कोण यावर नव्हता, तर कराराचा लाभ कोणाला मिळाला यावर होता.

नाशिकरोडचे प्रेस केंद्र सरकारच्या अखत्यारीत असल्याने राज्याचा हा कायदा तेथे लागू होत नाही. तेथे मालक सरकार, आणि २००६ पासून सरकारी महामंडळ, असल्याने वेतनाची मागणी अखेर सार्वजनिक तिजोरीशी जोडली जाते. नेमक्या याच मुद्द्यावर अमेरिकेतील कायद्याने वेगळी वाट धरली. तेथे १९७७ च्या निकालानुसार सरकारी कर्मचाऱ्यांच्या संघटनेला सभासद नसलेल्या कर्मचाऱ्याकडूनही वाटाघाटींच्या खर्चापुरता ‘रास्त हिस्सा’ घेता येत असे. जून २०१८ मध्ये ‘जेनस’ खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ही मुभा रद्द केली, कारण सरकारशी केलेली वेतनाची वाटाघाट हा सार्वजनिक धोरणाचा विषय असतो आणि अशा मतप्रदर्शनासाठी इच्छेविरुद्ध पैसे घेणे हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग होतो, असे बहुमताने मानले. खासगी क्षेत्रात मात्र १९८८ च्या ‘बेक’ निकालाप्रमाणे प्रतिनिधित्वाच्या खर्चापुरता हिस्सा आजही मागता येतो. ज्या राज्यांनी १९४७ च्या केंद्रीय कायद्यातील सवलतीनुसार अशा सक्तीला बंदी केली, ती राज्ये त्याला अपवाद आहेत.

या निकालांतून मंडळापुरता एक विवेक निश्चित करता येतो: प्रत्यक्ष लाभाचा खर्च लाभ घेणाऱ्यांकडून मागणे रास्त आहे, परंतु मताचा आणि ध्येयाचा खर्च संमतीवाचून मागता येत नाही. कार्यकारिणीचा निर्णय याच विवेकावर उभा आहे. सभागृह व महाप्रसाद यांचा खर्च येणाऱ्या सर्वांचा. मराठी शाळा, ग्रंथालय आणि मंडळाची निवेदने यांचा खर्च केवळ सभासदांचा. गणपतीच्या दारात पैसे मागू नयेत, ही ज्येष्ठ सभासदांची भावना आदरणीय आहे, तशीच वर्षानुवर्षे वर्गणी भरणाऱ्यांची तक्रारही न्याय्य आहे. म्हणून ज्यांना हा वाटा परवडत नाही, त्यांना कोणतीही विचारणा न करता तो माफ राहील.

तथापि, या निर्णयावर ज्या तळमळीने चर्चा झाली, तिचा अंशही वार्षिक सर्वसाधारण सभेत दिसला नाही आणि गणपूर्तीसाठी सभा खोळंबून राहिली, ही बाब खेदाची आहे. स्वेच्छेच्या वर्गणीवर चालणारी संस्था हिशेबाच्या पारदर्शकतेवर आणि सभासदांच्या उपस्थितीवरच टिकते. पैकी पहिली जबाबदारी कार्यकारिणीची आहे व दुसरी सभासदांची. उत्सवाचा जमाखर्च पुढील अंकात पूर्ण छापला जाईल. सभासदांनी थकीत वर्गणी महिनाअखेरपर्यंत कोषाध्यक्षांकडे भरावी, सभागृहाच्या मांडणीसाठी व आवराआवरीसाठी स्वयंसेवक म्हणून नावे द्यावीत, आणि निर्णयाला ज्यांचा विरोध आहे त्यांनी पुढील सभेला अवश्य येऊन तो विरोध नोंदवावा, अशी कार्यकारिणीची आग्रहाची विनंती आहे.