न्यूयॉर्कचा वायदा आणि बाबांचा कापूस

आमचे अर्थशास्त्राचे सर तासाची शेवटची दहा मिनिटे पुस्तक मिटून ठेवतात. मग ते अमेरिकेवर बोलतात. तिथली निवडणूक, तिथल्या बँका, तिथला शेतकरी, आणि बोलता बोलता एकदम आपल्या यवतमाळचा बाजार. वर्गातली निम्मी मुले तोवर दप्तर आवरून एस.टी.कडे पाहत असतात. "परीक्षेत येते का सर हे?" असे एकाने विचारलेदेखील. सर हसले आणि म्हणाले, "नाही येत." मग वर्ग आणखीच मोकळा झाला.

मीही त्या आवरणाऱ्यांपैकीच होते, हे आधी कबूल करते. पण गेल्या दिवाळीत घरी एक प्रसंग घडला आणि माझे मत बदलले. ते मत विद्यार्थिमित्रांपुढे आणि प्राध्यापकांपुढे ठेवावे म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे चार एकर कोरडवाहू. सीतादही झाले, पहिली वेचणी घरात आली, तोच पाऊस लागला. कापसात ओलावा राहिला. सरकारी खरेदीत 12 टक्क्यांच्या वर ओलावा चालत नाही, आणि पूर्ण भाव हवा तर तो 8 टक्क्यांच्या आत लागतो. 2025-26 चा लांब धाग्याचा हमीभाव 8,110 रुपये. पण घरात सणाला पैसा नाही, माझी फी थकलेली. दारात आलेल्या व्यापाऱ्याला बाबांनी आठ क्विंटल कापूस 6,900 रुपयांनी मोजून दिला. क्विंटलमागे 1,210 रुपये कमी, म्हणजे आठ क्विंटलला 9,680 रुपये. हा हिशेब मी वहीच्या मागच्या पानावर केला आणि कुणाला दाखवला नाही.

व्यापारी जाताना म्हणाला, "अमेरिकेनं गडबड केली, भाव नाही." रात्री बाबांनी मला विचारले, "काय वं, अमेरिकेतबी पराटी लावतेत काय?" मी हो म्हटले. "मंग थो शेतकरी काहून मरत नाही?"

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. मागणीचा नियम मला आकृतीसह पाठ आहे. पण बाबांच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आणि मग आठवले, ते उत्तर सरांच्या त्या दहा मिनिटांत येऊन गेले होते!

अमेरिका आणि आपला वऱ्हाड यांचे नाते आजचे नाही. 1861 साली तिथे यादवी युद्ध पेटले, दक्षिणेची बंदरे अडवली गेली आणि इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना. तेव्हा हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. वऱ्हाड 1853 पासूनच इंग्रजांच्या कारभाराखाली होता. मुंबईत तर शेअरांचे वेड लागले. 1865 मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि प्रेमचंद रायचंदांसारखा सावकारदेखील बुडाला. दोन माणसे दूर देशी भांडली, तर आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या चुलीवर काय शिजेल ते ठरले. न मागता आलेला भाव न सांगता गेलाही.

आमची आजी 1972 च्या दुष्काळातली तांबडी मिलो अजून विसरलेली नाही. तीही अमेरिकेची. म्हणजे भाव तिकडून आला तसा घासही तिकडून आला. 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, तेव्हा बियाण्यातले तंत्रही तिकडच्याच मोन्सँटोचे.

मग तिथला शेतकरी का मरत नाही? तोही कर्ज काढतो, त्यालाही पाऊस दगा देतो. पण त्याच्या पाठीशी सरकारची तिजोरी आहे. 2001-02 च्या हंगामात सुमारे पंचवीस हजार अमेरिकी कापूस उत्पादकांना तीन अब्ज डॉलरहून अधिक मदत मिळाली. भाव पडला तरी तो पेरतच राहतो आणि त्याच्या स्वस्त कापसाने जगाचा भाव आणखी पडतो. ब्राझीलने 2002 मध्ये याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली आणि ती जिंकलीही. शेवटी 2014 मध्ये अमेरिकेने ब्राझीलला तीस कोटी डॉलर देऊन तो वाद मिटवला. अनुदान घेतले तिथल्या शेतकऱ्याने, भरपाई मिळाली ब्राझीलला, आणि यवतमाळच्या कोरडवाहू माणसाला यातले काहीच कळले नाही.

आता 2025 चेच पाहा. ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचे शुल्क 50 टक्क्यांवर नेले. कपड्यांची निर्यात अडचणीत आली. गिरण्यांना कापूस स्वस्त मिळावा म्हणून आपल्या सरकारने कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क 19 ऑगस्टपासून काढले आणि ती सवलत पुढे 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. नेमके तेच दिवस आमच्या वेचणीचे! तिरुपूरच्या शिलाई कामगाराचे पोट भरू नये असे मी मुळीच म्हणत नाही. तोही आमच्यासारखाच गरीब आहे. पण त्याला वाचवायचा भार कोरडवाहू शेतकऱ्याच्याच डोक्यावर का, एवढेच विचारते.

मात्र सगळे खापर अमेरिकेवर फोडून आपण मोकळे होऊ नये. तिथे शेतीवर जगणारे लोक शंभरात दोनही नाहीत, तरी त्यांच्या शब्दाला वजन आहे. कारण ते संघटित आहेत, आणि कायदा होण्याआधी तो वाचतात. आपण कायदा झाल्यावर, भाव पडल्यावर रस्त्यावर येतो. 1913 मध्ये बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला अर्थशास्त्र शिकायला गेले. परत आल्यावर, 1918 मध्ये त्यांनी निबंध लिहिला तो इथल्या तुकड्या-तुकड्यांच्या शेतीवर. शेतीवरची जादा माणसे उद्योगात गेल्याशिवाय शेती सावरणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. अमेरिका पाहावी ती अशी, आपले शेत दिसण्यासाठी. आपला कापूस मात्र आजही बहुतांशी गठाणी होऊन जिल्ह्याबाहेर जातो आणि कापड होऊन दुकानात परत येतो.

म्हणून माझी एक सूचना आहे. आपल्या अर्थशास्त्र मंडळाने ग्रंथालयाबाहेर एक फळा लावावा. त्यावर रोज तीन आकडे लिहावेत : न्यूयॉर्कचा रुईचा वायदा, आपल्या बाजार समितीतला भाव आणि हमीभाव. लिहिण्याची पाळी मुलामुलींनी वाटून घ्यावी. त्याचबरोबर, कापूस महामंडळाच्या 'कपास किसान' ॲपवर नोंदणी कशी करायची ते प्रत्येकाने शिकून घ्यावे. दिवाळीनंतर मी बाबांची नोंदणी केली, पाठोपाठ शेजारच्या तीन घरांची केली. आमचा उरलेला दहा क्विंटल कापूस उन्हात वाळवून सरकारी काट्यावर गेला. चुकारे थेट खात्यात आले. फार मोठा पराक्रम नव्हे हा. पण माझ्या शिक्षणाचा घराला झालेला तो पहिला उपयोग.

आणि सरांना विनंती आहे, ती दहा मिनिटे वीस करावीत. परीक्षेत येवो न येवो.

त्या रात्रीच्या प्रश्नाचे उत्तर मी बाबांना महिन्याभराने दिले. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले, विडी विझवली आणि म्हणाले, "मंग आपल्या लोकायले हे कोण सांगन?"

मित्रमैत्रिणींनो, या प्रश्नाचे उत्तर आपणच आहोत, असे मला वाटते.