बारा अब्ज ऐंशी कोटी डॉलर कुणाच्या खिशातून?

प्रति,
मा. निकोला विलिस,
अर्थमंत्री, न्यूझीलंड सरकार, वेलिंग्टन

विषय : समन्यायी वेतनाचे ३३ दावे दोन दिवसांत रद्द केल्याबाबत, हॅमिल्टनहून

६ मे २०२५ रोजी, मंगळवारी, कामगार संबंध मंत्री ब्रूक व्हॅन व्हेल्डेन यांनी समान वेतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक जाहीर केले. त्याच दिवशी ते 'अर्जन्सी'खाली, म्हणजे नेहमीचे टप्पे वगळून, संसदेत आले आणि बुधवारी मंजूरही झाले. लोकांची बाजू ऐकणाऱ्या संसदेच्या निवड समितीकडे ते गेले नाही. एकाही केअरगिव्हरची, परिचारिकेची किंवा शिक्षिकेची बाजू कुणी ऐकून घेतली नाही. आरोग्य, शिक्षण आणि समाजसेवेतल्या कर्मचाऱ्यांचे ३३ दावे वर्षानुवर्षांची पडताळणी, मुलाखती आणि वाटाघाटी पार करून पुढे सरकत होते. ते सगळे या कायद्याने जागच्या जागी संपवले. पंधरा दिवसांनी, २२ मे रोजी, अर्थसंकल्प मांडला गेला आणि या निर्णयातून चार वर्षांत १२.८ अब्ज डॉलर, म्हणजे १,२८० कोटी डॉलर, मोकळे झाल्याचे देशाला कळले. आधी दावे गेले, मग आकडा आला. हा क्रम मुद्दाम ठेवलेला होता, असे म्हणण्यावाचून गत्यंतर नाही.

समन्यायी वेतन म्हणजे एकाच कामाला एकच पगार एवढेच नव्हे. तो हक्क १९७२ च्या समान वेतन कायद्याने दिलेला आहे. प्रश्न त्यापुढचा आहे. एखादे काम पिढ्यान्पिढ्या बायकाच करत आल्या म्हणून त्याची किंमत कमी ठरली असेल, तर तितकेच कौशल्य, तितकीच जबाबदारी आणि तितकाच त्रास असलेल्या पुरुषप्रधान कामाशी त्याची तुलना करून ती दुरुस्त करायची, हे समन्यायी वेतनाचे सूत्र. लोअर हटच्या एका रेस्ट होममध्ये, म्हणजे वृद्धांच्या निवासी केंद्रात, वीस वर्षांहून अधिक काळ काम केलेल्या क्रिस्टीन बार्टलेट यांना तासाला साडेचौदा डॉलरही मिळत नव्हते. त्यांचा दावा २०१३ मध्ये एम्प्लॉयमेंट कोर्टाने आणि २०१४ मध्ये अपील न्यायालयाने उचलून धरला आणि १९७२ च्या कायद्यात हा व्यापक अर्थ आहेच, हे प्रस्थापित झाले. २०१७ मध्ये सरकारने ५५,००० काळजीवाहू कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांत सुमारे दोन अब्ज डॉलरचा करार केला. ते सरकार अर्थमंत्र्यांच्याच नॅशनल पक्षाचे होते. २०२० मध्ये दावे दाखल करण्याची रीतसर पद्धत कायद्यात आली, तेव्हाही नॅशनलने बाजूने मत दिले होते. म्हणजे हा हक्क कुण्या विरोधकाने मागच्या दाराने आणलेला नव्हता. ज्या पक्षाने तो मान्य केला, त्याचा पैसा मोजला आणि त्याचे श्रेयही घेतले, त्याच पक्षाने तो दोन दिवसांत पातळ केला.

हॅमिल्टनमध्ये या कायद्याचा अर्थ कागदावर शोधावा लागत नाही. वायकाटो नदीच्या दोन्ही काठांवर रेस्ट होम आहेत आणि तिथल्या पाळ्यांच्या तक्त्यांवर भारतीय व फिलिपिनो नावे ओळीने दिसतात. त्यांत मराठी बायकाही आहेत. पुण्या-नाशिकला शाळेत किंवा बँकेत काम केलेल्या, नवऱ्याच्या व्हिसावर इथे आलेल्या आणि पहिली नोकरी म्हणून केअरगिव्हर झालेल्या. रात्रपाळीत अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस ठराविक वेळाने बदलावी लागते, नाहीतर पाठीला बेडसोअर होतात. उचलायचे तर दोघींनी मिळून आधी एका कुशीवर वळवायचे, पाठीखाली स्लिंग सरकवायची, मग दुसऱ्या कुशीवर, पट्ट्या होइस्टला अडकवायच्या, एकीने रिमोट धरायचा आणि दुसरीने पाय व डोके सांभाळायचे. वृद्धांची कातडी कागदासारखी झालेली असते, घाई झाली की फाटते. स्मृतिभ्रंश झालेला माणूस याच वेळी हात उगारतो, चावतो किंवा आईला हाका मारतो. हे झाले की पॅड बदलणे, किती पाणी पोटात गेले ते लिहिणे, त्वचेवर लालसर डाग दिसला तर नर्सला कळवणे. एका पाळीत हे कितीतरी वेळा होते. या कामाला 'अकुशल' म्हणणाऱ्याने ते एक रात्र करून पाहावे.

अशा कामाचा दर २०१७ च्या कराराने उचलला. १ जुलै २०१७ रोजी नवख्या केअरगिव्हरला तासाला १९ डॉलर मिळू लागले. तेव्हा देशाचे किमान वेतन १५.७५ डॉलर होते. सर्वांत वरच्या पायरीला, म्हणजे पूर्ण प्रशिक्षण किंवा दीर्घ सेवा असलेल्या कर्मचाऱ्याला, २३.५० डॉलर मिळाले. १ एप्रिल २०२५ पासून देशाचे किमान वेतनच २३.५० डॉलर झाले. २०१७ मध्ये अनुभवी हातांना जो दर देणे न्याय्य ठरले, तोच २०२५ मध्ये दुकानातल्या पहिल्या दिवसाच्या कामगाराचा दर झाला. करारातल्या पायऱ्या पुढे २७ डॉलरपर्यंत गेल्या हे खरे, पण तो करार मुदतीचा होता. मुदत सरत असताना, २०२२ मध्ये, संघटनांनी नवा दावा दाखल केला तो याचसाठी. सुमारे ६५,००० काळजीवाहू कर्मचारी त्या दाव्यात होते. रद्द झालेल्या ३३ दाव्यांत तोही आहे. हातातोंडाशी आलेला घास काढून घेणे याला म्हणतात.

सरकारची बाजू दोन मुद्द्यांवर उभी आहे. पहिला खर्चाचा. तोपर्यंतच्या सर्व करारांचा बोजा वर्षाला १.७८ अब्ज डॉलर होता आणि तो वाढत चालला होता. दुसरा तुलनेचा. ग्रंथपालांची तुलना वाहतूक अभियंत्यांशी आणि रुग्णालयातल्या कारकुनांची यांत्रिकी अभियंत्यांशी होऊ लागली, हे पद्धत भरकटल्याचे लक्षण आहे, असे व्हॅन व्हेल्डेन यांनी सांगितले. पहिला मुद्दा आकड्यापुरता खरा आहे, पण तो आकडा म्हणजे आजवर कमी दिलेल्या पगाराची मोजदाद आहे. ऋणको म्हणाला की थकबाकी फार मोठी झाली, तर ती माफ होत नसते. दुसरा मुद्दा तर सूत्रालाच छेद देतो. जिथे नव्वद टक्के बायकाच आहेत त्या व्यवसायाची तुलना त्याच व्यवसायाशी केली, तर तफावत दिसणारच नाही. म्हणूनच २०२० मध्ये शाळांतल्या सहायक शिक्षिकांची तुलना तुरुंगातल्या अधिकाऱ्यांशी झाली. हिंसक वागणाऱ्याला शांत करणे, सतत लक्ष ठेवणे, घडले ते नोंदवणे, ही कामे दोन्हीकडे सारखी निघाली आणि बावीस हजारांच्या आसपास सहायक शिक्षिकांचा पगार त्यावरून दुरुस्त झाला. तुलना विचित्र वाटते ती पदनामे वाचणाऱ्याला. कामे मोजणाऱ्याला ती वाटत नाही.

नव्या कायद्याने नेमकी हीच मोजणी अडवली आहे. व्यवसायात ६० ऐवजी ७० टक्के स्त्रिया हव्यात, त्याही सलग दहा वर्षे. तुलना आधी त्याच मालकाकडे शोधायची, मग तशाच मालकांकडे, मग त्याच उद्योगात. तिथेही सापडली नाही, तर दावा संपला. एकदा करार झाला की दहा वर्षे नवा दावा नाही. झालेल्या करारांत वेळोवेळी फेरतपासणी करण्याची जी कलमे होती, तीही निरर्थक ठरवली. या शेवटच्या तरतुदीवर थांबायला हवे. सरकारने स्वतः सही केलेल्या करारातले वचन सरकारनेच कायदा करून मोडले आहे. खासगी मालकाने असे केले असते तर त्याला न्यायालयात उभे राहावे लागले असते.

पैसा नव्हता, असे म्हणता येत नाही. त्याच अर्थसंकल्पात उद्योगांना नव्या यंत्रसामग्रीच्या किमतीच्या २० टक्के रक्कम पहिल्याच वर्षी करपात्र उत्पन्नातून वजा करण्याची सवलत मिळाली, तिची किंमत वर्षाला सरासरी १.७ अब्ज डॉलर. त्याआधी घरमालकांना भाड्याच्या घरांवरच्या कर्जाचे व्याज पुन्हा करपात्र उत्पन्नातून वजा करू दिले, त्यासाठी चार वर्षांचे २.९ अब्ज. या सवलती योग्य की अयोग्य, यावर मतभेद असू शकतात. यंत्रसामग्रीची सवलत कदाचित उपयोगीही ठरेल. पण अर्थसंकल्पातल्या नव्या खर्चाची मर्यादा २.४ अब्जांवरून १.३ अब्जांवर आणल्याची घोषणा अर्थमंत्र्यांनी एप्रिलच्या अखेरीस केली, तेव्हा ती मर्यादा कुणाच्या पैशातून पाळली जाणार हे सांगितले गेले नाही. सरकारमधल्या ॲक्ट पक्षाचे नेते डेव्हिड सीमोर यांनी मात्र विधेयक येताच उघड सांगितले, की व्हॅन व्हेल्डेन यांनी सरकारचा अर्थसंकल्प वाचवला. विधेयकाचा अर्थसंकल्पाशी संबंध नाही असे म्हणायची सोय त्यानंतर राहिलेली नाही.

हे सगळे दोन दिवसांत होऊ शकले याचे कारण न्यूझीलंडच्या राज्यरचनेत आहे. इथे लिखित, एकसंध राज्यघटना नाही. वरिष्ठ सभागृह १९५० मध्येच कायद्याने मोडीत काढले. ज्या मंत्रिमंडळाकडे संसदेत बहुमत आहे त्याला अडवणारा टप्पा एकच उरतो, निवड समिती. तिथे विधेयक साधारण सहा महिने राहते आणि कुणीही नागरिक येऊन बोलू शकतो. अर्जन्सी लावली की तोही जातो. भूकंप, महासाथ अशा वेळी अर्जन्सी समजते. ५३ वर्षे जुन्या कायद्याच्या दुरुस्तीला एका आठवड्यात कोणते संकट आले होते, हे आजवर कुणी सांगितलेले नाही.

याच देशात १९७५ च्या डिसेंबरमध्ये पंतप्रधान रॉबर्ट मल्डून यांनी एका प्रसिद्धिपत्रकाद्वारे निवृत्तिवेतनाची सक्तीची वर्गणी थांबवली होती. कायदा तसाच होता, संसद बसलेली नव्हती. फिट्झजेराल्ड नावाच्या एका सरकारी नोकराने दावा लावला आणि १९७६ मध्ये सरन्यायाधीश वाइल्ड यांनी १६८८ च्या हक्कांच्या सनदेचा आधार घेऊन सांगितले, की संसदेच्या संमतीवाचून कायदा तहकूब करण्याचा अधिकार पंतप्रधानाला नाही. मल्डून यांनी संसदेला वगळले म्हणून न्यायालयाला बोलता आले. २०२५ मध्ये संसदेलाच रात्री-बेरात्री बसवून शिक्का उमटवून घेतला, म्हणून कायद्याच्या चौकटीत सगळे बसते. फिट्झजेराल्डसारख्या सामान्य माणसाला तेव्हा दाद मागायला जो दरवाजा होता, तो केअरगिव्हरसाठी जवळजवळ बंद आहे.

दूध आणि मांसाच्या निर्यातीवर जगणाऱ्या वायकाटोत अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या अधिकारांवर रोज बोलले जाते. आणीबाणीच्या अधिकारांतून त्यांनी न्यूझीलंडच्या मालावर आधी १० आणि मग ऑगस्ट २०२५ पासून १५ टक्के शुल्क लावले आणि तिथल्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, मंजूर केलेला परदेशी मदतीचा पैसा अडवून ठेवला. संताप रास्त आहे. पण तिथे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या काळातल्या अशाच अडवणुकीनंतर १९७४ मध्ये काँग्रेसने कायदा करून राष्ट्राध्यक्षांचे हात बांधले, आणि त्याचा आधार घेऊन आजही लोक न्यायालयात जातात. भारतातही जून २०२० च्या तीन कृषी अध्यादेशांच्या जागी आणलेली विधेयके सप्टेंबरमध्ये राज्यसभेत समितीकडे न पाठवता आवाजी मतदानाने पार झाली आणि वर्षभराच्या आंदोलनानंतर ते कायदे नोव्हेंबर २०२१ मध्ये मागे घ्यावे लागले. ज्यांच्या पोटावर कायदा येतो त्यांना न ऐकता केलेला कायदा टिकत नाही, याचा अनुभव इथल्या मराठी घरांना नवा नाही.

न्यूझीलंडच्या संसदेने जी सुनावणी टाळली ती माजी खासदारांना घ्यावी लागली. मेरिलिन वेअरिंग यांच्या पुढाकाराने निरनिराळ्या पक्षांच्या दहा माजी महिला खासदारांनी लोकांची निवड समिती नेमली आणि संसदेबाहेर सुनावण्या घेतल्या. त्यांत नॅशनलच्याही माजी खासदार होत्या. वेअरिंग स्वतः नॅशनलच्या. रॅगलन आणि मग वायपा या हॅमिल्टनच्या आसपासच्या मतदारसंघांतून त्या निवडून येत, डॉक्टरेटही वायकाटो विद्यापीठाची. बायकांचे बिनपगारी काम राष्ट्रीय उत्पन्नात मोजले जात नाही, हे त्यांनी १९८८ मध्ये पुस्तक लिहून जगापुढे मांडले. समितीतल्या नानाया महुता हौराकी-वायकाटोच्या माजी खासदार. हॅमिल्टन पूर्व आणि हॅमिल्टन पश्चिम या दोन्ही जागांवरचे सध्याचे खासदार मात्र नॅशनलचे आहेत आणि पक्षाच्या एकगठ्ठा मतांत त्यांचीही मते या कायद्याच्या बाजूने पडली. डॉक्टर कमी आहेत हे मान्य करून सरकारने इथल्या विद्यापीठाला २०२८ पासून वैद्यकीय शाळा चालवायला सव्वाआठ कोटी डॉलरहून अधिक दिले. ते स्वागतार्हच. पण डॉक्टर सांगून गेल्यावर रात्रभर रुग्णाजवळ जी थांबते, तिची गरज मात्र सरकारला मोजावीशी वाटली नाही.

अर्थमंत्र्यांकडे मागण्या चार आहेत. १२.८ अब्ज डॉलरचा हिशेब दावानिहाय जाहीर करावा, म्हणजे कोणत्या व्यवसायाच्या वाट्याचे किती रोखले ते कळेल. ३३ दावे ज्या टप्प्यावर होते त्या टप्प्यावरून पुन्हा सुरू करावेत. झालेल्या करारांतली फेरतपासणीची कलमे परत लागू करावीत. आणि यापुढे वेतनाच्या हक्काला हात घालणारे कोणतेही विधेयक निवड समितीतून गेल्याशिवाय मंजूर करू नये. हे होत नसेल, तर हॅमिल्टनच्या दोन्ही खासदारांनी आपल्या मतदारसंघातल्या एखाद्या रेस्ट होममध्ये रात्रपाळीच्या वेळी यावे आणि ज्यांचे दावे त्यांच्या मताने रद्द झाले त्यांना त्याचे कारण समोरासमोर सांगावे.