घरांतील यंत्रें : वडिलांचें घड्याळ

तीर्थरूप दादांच्या पश्चात् त्यांचें ‘एच.एम.टी. जनता’ हें किल्लीचें मनगटी घड्याळ आमच्या हातीं आलें. दोन-चार दिवसांतच तें मागें पडूं लागलें. आम्हीं कसलीही मोजदाद न करतां पाठीमागचें झांकण उघडलें आणि चाल कमी-जास्त करण्याचा कांटा सुईनें सरकविला. सुई घसरून केसासारख्या बारीक बालकमानीस लागली, आणि घड्याळ थांबलें! दादांचें घड्याळ आपल्या उतावीळपणानें बंद पडलें, ही टोंचणी फार होती.

घड्याळजींनीं तें पुनः चालू केलें; पण तें मागें पडेच. अखेर मातोश्री म्हणाल्या, “अरे, ते रोज सकाळीं संध्या आटोपून किल्ली देत. तूं आठवेल तेव्हां देतोस!” दोष घड्याळाचा नव्हताच. मुख्य कमानीचा जोर उतरत गेला कीं चाल बदलते.

म्हणून वाचकांस विनंती कीं, हात लावण्यापूर्वीं मोजावें. हें घड्याळ तासाला 18,000, म्हणजे दिवसाला 4,32,000 ठोके देतें. दिवसाकांठीं 20 सेकंदांची चूक ही 4,320 भागांत एक भाग होय. जुन्या यंत्रास ती क्षम्य मानावी.

रोज ठराविक वेळीं, घड्याळ मनगटावरून काढून, किल्ली द्यावी. अडल्यासारखें वाटतांच थांबावें. मग मोबाईलवरील वेळेशीं ताडून सात दिवस सेकंदांचा फरक वहींत टिपावा. मात्र घड्याळ मोबाईलवर ठेवूं नये; त्यांत लोहचुंबक असतो. घड्याळ एकाएकीं दिवसाला कित्येक मिनिटें पुढें धांवूं लागलें, तर चुंबकत्वानें बालकमानीचे वेढे एकमेकांस चिकटले असण्याचा संभव असतो. तें उतरविण्याचें साधन घड्याळजींकडे असतें.

फरक थोड्या सेकंदांचा असेल, तर रात्रीं घड्याळ कधीं तबकडी वर, कधीं किल्ली वर करून ठेवून पाहावें. स्थितीप्रमाणें चाल किंचित् बदलते, व पुष्कळदां दिवसाची तूट रात्रीं भरून निघते. फरक रोज सारखाच व मोठा असेल, तरच तो कांटा केसभर सरकवावा : मागें पडत असल्यास अधिक चिन्हाकडे, पुढें जात असल्यास उणें चिन्हाकडे; आणि पुढें पुरता एक दिवस वाट पाहावी. हात स्थिर नसल्यास हें काम घड्याळजींवरच सोंपवावें. घरचें तेल मात्र आंत कदापि घालूं नये.

एच.एम.टी. वॉचेस ही कंपनी बंद करण्याचा निर्णय 2016 सालीं झाला. त्यामुळें घरोघरच्या अशा घड्याळांचें जतन अधिकच अगत्याचें झालें आहे.

आमच्या घरीं आतां सकाळच्या चहापूर्वीं किल्ली दिली जाते. वही चिरंजीवांकडे आहे. फरक दिवसाला बारा सेकंद. त्या कांट्यास आम्हीं पुनः हात लावलेला नाहीं.