पगारातला पहिला वाटा

नवीन वर्ष लागलं की आपण डायरी आणतो आणि संकल्प लिहितो. अलीकडे तिच्यातच रोज कृतज्ञतेच्या चार ओळी लिहायची टूम निघाली आहे. लिहा, हरकत नाही. पण संकल्प एका पानावर, कृतज्ञता दुसऱ्या पानावर आणि दोघांची गाठ कधीच पडत नाही, असं बहुतेकांचं होतं.

महर्षी कर्व्यांनी ती गाठ घातली. विद्यार्थी असताना ते परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्याला चालत गेले, घाट चढून. तिथे ‘वयाने लहान दिसतोस’ म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही. ही जिद्दीची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. पुढची फारशी कुणी सांगत नाही. हाती कमाई आल्यावर त्यांनी गावाच्या कामांसाठी ‘मुरूड फंड’ सुरू केला. मला त्या पायपिटीपेक्षा या फंडाचं मोल जास्त वाटतं, कारण गावाचे उपकार त्यांनी नुसते आठवणीत न ठेवता जमाखर्चात मांडले. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. १९३६ मध्ये, पंचाहत्तरी उलटून गेल्यावर, शाळा नसलेल्या खेड्यांत शाळा काढण्याचं काम हाती घेतलं.

आपल्याला एवढं झेपणार नाही, आणि तशी गरजही नाही. फक्त ध्येय ठरवताना आधी ज्यांचं देणं लागतो ती माणसं आठवा: फी भरायला मुदत देणारे मुख्याध्यापक, पुस्तकं देणारी वरच्या वर्गातली ताई, तुमचं पोर सांभाळणाऱ्या शेजारच्या काकू. त्यांतलं एक देणं निवडा. ते त्यांनाच परत करता येईल असं नाही. त्यांच्यासारखं दुसऱ्या कुणासाठी करा. ‘वजन कमी करीन’ हा संकल्प मार्चपर्यंत विरतो, कारण त्याची वाट कुणी पाहत नसतं. शनिवारी तुमच्याकडे गणित शिकायला येणारी दोन मुलं मात्र वाट पाहतात.

एक सांगायला हवं. ‘तुझ्यासाठी एवढं केलं’ म्हणत मुलांचं करिअर ठरवणारे आईबाप कृतज्ञता शिकवत नाहीत, वसुली करतात. देणं ज्याचं त्याने ओळखायचं असतं.

तेव्हा पुढचा पगार खात्यात जमा होईल, त्या दिवशी हप्ते आणि किराण्याच्या आधी या देण्याचा वाटा बाजूला काढा. पैसे नसतील तर आठवड्यातला एक तास काढा. रक्कम लहान असली तरी चालेल, महिना चुकवू नका.