रूळ कोणाचे, माल कोणाचा?



शेलूबाजारच्या पारावर सध्यां एक वाक्य फार ऐकूं येतें : "समृद्धी आली, आतां आगगाडी कशाला?" असें बोलणारे बहुधा मोटारींतून उतरून बोलतात. त्यांस आमचें उत्तर आहे.

११ डिसेंबर २०२२ रोजीं नागपूर ते शिर्डी हा रस्ता खुला झाला व ५ जून २०२५ रोजीं ७०१ किलोमीटरचा सबंध मार्ग पुरा झाला. शेलूबाजारास त्यावर चढण्याची वाट आहे. पण तेथें बैलगाडीस मज्जाव, ट्रॅक्टरास मज्जाव, दुचाकीसही मज्जाव! जमीन शेतकऱ्याची गेली आणि त्याची ट्रॉली मात्र जुन्याच रस्त्यानें रखडते. दहा पोत्यांच्या धन्यास भाड्याचा ट्रक परवडत नाहीं; ट्रक व्यापारी करितो आणि वाटेचा नफाही तोच घेतो.

"मग आगगाडीनें तरी काय दिलें?" हा प्रश्न रास्त आहे. आपल्याच जिल्ह्यांतलें कारंजा पाहा. १८८६ सालीं हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमानें तेथें देशांतला पहिला नियमबद्ध कापूस बाजार सुरू झाला. कशासाठीं? मँचेस्टरच्या गिरण्यांस निर्भेळ कापूस वाजवी भावांत मिळावा म्हणून! १८९७ च्या वऱ्हाडच्या बाजार कायद्यानें कमिट्या नेमल्या. त्यांत भरणा व्यापाऱ्यांचा. पुढें विलायती कंपनीनें मूर्तिजापूर-यवतमाळ हे ११३ किलोमीटरचे अडीच फुटी रूळ कारंज्यावरून टाकले, तेही कापूस ओढण्यासाठींच. तरी त्याच गाडीनें मजूर, विद्यार्थी व बाजारकरी बायका थोड्या पैशांत नेल्या, आणि लोकांनीं तिला मायेनें 'शकुंतला' म्हटलें. १९९४ सालापर्यंत तिचें इंजिन वाफेचें होतें. आज ती गाडी बंद आहे.

यांतून धडा एकच. रूळ वाईट नव्हते. कमिटींत आपण नव्हतों, हें वाईट होतें.

आम्ही शाळामास्तर. गेल्या सुगीस सातवीच्या मुलांस बापाच्या सोयाबीनच्या पावतीवरून हिशेब करावयास सांगितला : वजन, ओलाव्याची घट, हमाली, तोलाई आणि हातीं आलेली रक्कम. एका मुलानें विचारलें, "गुरुजी, ओलावा किती भरला तें कोठें लिहिलें आहे?" पावतीवर तें नव्हतेंच! वर्ग गप्प झाला, आणि आम्हीही. बापानें त्या पावतीवर निमूटपणें सही केली होती.

म्हणून आमचें मागणें स्पष्ट आहे. मूर्तिजापूर-यवतमाळ रूळ रुंद व्हावेत आणि कारंज्याहून शेलूबाजार, मंगरुळपीर करीत वाशीमपर्यंत नवी वाट निघावी. ठेसनाशेजारीं मालधक्का व वखार असावी, आणि तिचा कारभार शेतकऱ्यांच्या संस्थेकडे असावा. २००७ च्या वखार कायद्यानें नोंदलेल्या वखारीची पावती तारण ठेवून कर्ज मिळतें. मग सुगींतच पडेल भावानें माल कां फुंकावा? शेतकऱ्याच्या हातीं दाम राहिलें, तरच सुताराचें व लोहाराचें थकलेलें दाम वसूल होईल. आपलें पोट एकच आहे.

पण अर्ज लिहून गाडी येत नाहीं. ग्रामसभेच्या दिवशीं आपण तमाशाला, लग्नाला, तालुक्याला जातों. ठराव दुसरेच करितात. मग दोष कोणास द्यावा? पुढल्या सभेस घरटीं एक गडी व एक बाई हजर राहा. आणि रूळ येवोत कीं न येवोत, ओलावा मोजून लिहिल्यावांचून कोणत्याही पावतीवर सही करूं नका. लेकराकडून ती वाचून घ्या; त्यासाठींच तर त्याला शाळेंत घातलें आहे!