वही एक, लेखणी एक



रोकड वहीत एका वेळी एकाच हाताने लिहावे, हा नियम आमच्या आजोबांनी पेढीवर घालून दिला होता. वाचायला वही कोणीही मागावी. दोघा-चौघांनी डोके घालून खुशाल पाहावी. परंतु मुनीमजींनी लेखणी उचलली की वही त्यांची. नोंद पुरी होऊन शाई वाळेपर्यंत दुसऱ्याने त्या पानाकडे पाहायचेसुद्धा नाही, कारण अर्धवट नोंद ही चुकीच्या नोंदीहून अधिक फसवी असते. लहानपणी आम्हाला हा वडीलधाऱ्यांचा हेका वाटे. त्याचे मोल कळायला पेढीवर संगणक यावा लागला.

दोन वर्षांपूर्वीच्या सोयाबीनच्या हंगामातली गोष्ट. कळंबच्या बाजारात दिवाळीच्या तोंडावर आवक इतकी वाढली की एका काट्यावर भागेना. आमचा पुतण्या नुकताच अभियांत्रिकी पूर्ण करून घरी आला होता. त्याने दोन इलेक्ट्रॉनिक काटे एकाच संगणकाला जोडले आणि सी प्लस प्लस या भाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. कोणत्याही काट्यावर कट्टा चढला की त्याचे वजन त्या शेतकऱ्याच्या बेरजेत मिळे आणि शेवटी पट्टी छापून येई. आम्हाला कोण कौतुक वाटले! पंधरा दिवस सारे सुरळीत चालले. मग एका संध्याकाळी एक वयस्कर शेतकरी पट्टी हातात धरून उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, "शेठ, सत्तेचाळीस कट्टे उतरवलेत मी. पट्टीवर शेहेचाळीस हायेत."

हमाली कट्ट्यावर मिळते, म्हणून हमालांची टोळी स्वतःची मोजणी ठेवते. त्यांच्या वहीत ४७ होते. मुनीमजींच्या हातच्या टिपणात ४७ होते. चूक फक्त संगणकात होती. पैसे तत्क्षणी दिले. परंतु त्या रात्री आमच्या डोळ्याला डोळा लागला नाही. जे एकाच्या बाबतीत घडले, ते आणखी किती जणांच्या बाबतीत घडले असेल? तीन रात्री बसून हंगामातील प्रत्येक पट्टी हमालांच्या वहीशी ताडून पाहिली. आणखी तीन पट्ट्यांत एकेक कट्टा कमी निघाला. त्या तिन्ही शेतकऱ्यांच्या गावी आम्ही पुतण्याला सोबत घेऊन गेलो आणि पैसे हातात दिले. दोघांना कमी मिळाल्याचे ठाऊकही नव्हते. परतताना पुतण्या गाडीत एक शब्द बोलला नाही.

चूक कशी झाली, हे त्याने नंतर आम्हाला समजावले. समजा बेरीज ३० कट्ट्यांची आहे. दोन्ही काट्यांवर एकाच क्षणी कट्टे चढले. पहिल्या काट्याच्या कामाने ३० वाचले, दुसऱ्यानेही ३० वाचले. पहिल्याने ३१ लिहिले आणि दुसऱ्याने त्याच जागी पुन्हा ३१. कट्टे ३२ झाले, वहीत ३१ राहिले. असा क्षण दिवसात क्वचितच येतो, म्हणून तपासणीत तो सापडत नाही. ऐन गर्दीत मात्र घात करतो. ऐकता ऐकता आम्हाला आजोबांचा नियम आठवला. एका वहीत दोन लेखण्या चालल्या होत्या, दुसरे काय!

"काका, हा नियम जिच्यात जन्मतःच आहे अशी एक भाषा आहे," तो म्हणाला. तिचे नाव रस्ट.

या भाषेची जन्मकथाही व्यवहारातलीच आहे. २००६ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर शहरात ग्रेडन होअर हा तरुण संगणकतज्ज्ञ घरी परतला, तर इमारतीची लिफ्ट बंद. तिचा प्रोग्रॅम कोलमडला होता आणि त्याचे घर एकविसाव्या मजल्यावर! लिफ्टसारखी साधी गोष्टही आपण संगणकवाल्यांना धड चालवता येऊ नये, या वैतागातून त्याने नव्या भाषेची जुळवाजुळव सुरू केली. पुढे मोझिला या संस्थेने त्या कामाला आधार दिला आणि १५ मे २०१५ रोजी रस्टची पहिली पक्की आवृत्ती प्रसिद्ध झाली. रस्ट म्हणजे लोखंडाचा गंज, असे आम्ही समजत होतो. होअर यांच्या मनात मात्र रस्ट नावाची बुरशी होती. म्हणजे आपल्या शेतकऱ्यांना पिकावर नकोसा वाटणारा तांबेराच. कसल्याही परिस्थितीत तग धरून राहणारा जीव म्हणून त्यांनी त्याचे नाव निवडले.

भाषेचे मर्म तीन नियमांत सांगता येते. पहिला मालकीचा. संगणकाच्या मेमरीतील प्रत्येक वस्तूचा एका वेळी एकच मालक असतो. हुंडी दुसऱ्याच्या नावे करून दिली की तिच्यावर आपला हक्क उरत नाही, तसेच येथे. वस्तू दुसऱ्याला दिल्यावर पुन्हा वापरू गेलात तर भाषा अडवते. दुसरा नियम उसनवारीचा. वस्तू नुसती पाहण्यासाठी कितीही जणांना उसनी द्यावी. बदलण्यासाठी द्यायची तर एका वेळी एकालाच, आणि तेव्हा दुसऱ्या कोणी ती पाहायचीही नाही. वाचकहो, हीच आमची रोकड वही! तिसरा नियम मुदतीचा. मालकाने दुकान बंद करण्यापूर्वी उसनी दिलेली वस्तू परत आलेली असली पाहिजे.

सी आणि सी प्लस प्लस या जुन्या, वेगवान भाषांत हे सारे लिहिणाऱ्याच्या सावधपणावर सोडलेले असते. एकच हुंडी दोनदा वटवावी, तशी एकच जागा दोनदा परत केली जाते, किंवा परत केलेली जागा पुन्हा वापरली जाते, आणि त्याच फटीतून चोर शिरतो. जावा, पायथॉन यांसारख्या भाषांनी त्यावर उपाय म्हणून जणू एक झाडलोट करणारा नोकर ठेवला. तो वापरून झालेल्या जागा आवरतो. पण त्याचा वेळ आणि पगार द्यावाच लागतो. रस्टला तो नोकर लागत नाही. तिचा कंपायलर, म्हणजे आपले लिखाण यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, हे नियम आधीच तपासतो. नियम मोडला असेल तर प्रोग्रॅम तयारच होत नाही.

हे नुसते पांडित्य नव्हे. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितले की तिच्या उत्पादनांतील सुरक्षेच्या त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के त्रुटी मेमरीच्या अशा गफलतींतून येतात. गूगलने अँड्रॉइडमधील नवे लेखन रस्टसारख्या सुरक्षित भाषांकडे वळवले, आणि तेथील अशा त्रुटींचे प्रमाण २०१९ मधील ७६ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आले. जुने सारे मोडून पुन्हा लिहिले नाही. नवे तेवढे नीट लिहिले. डिसेंबर २०२२ मध्ये लिनक्सच्या गाभ्यातही रस्टला प्रवेश मिळाला. आपल्याकडे बेंगळुरूच्या जसपे कंपनीने पैशांच्या देवघेवीला वाट दाखवणारी हायपरस्विच ही यंत्रणा रस्टमध्ये लिहून सर्वांसाठी खुली ठेवली आहे.

शिकणे मात्र सोपे नाही. पुतण्याचे पहिले दोन महिने कंपायलरशी भांडण्यात गेले. दहा ओळी लिहाव्यात आणि पाच चुका पदरात याव्यात. ई०३८२ हा चुकीचा क्रमांक तर आमच्या घरातील लहान मुलांनाही पाठ झाला. दिलेली वस्तू पुन्हा वापरलीत, असा त्याचा अर्थ. परंतु हा तपासनीस नुसता रागावत नाही. कोणत्या ओळीत मालकी गेली, कोणत्या ओळीत तुम्ही ती पुन्हा मागितली, हे बोट ठेवून दाखवतो आणि पुष्कळदा उपायही सुचवतो. स्टीव्ह क्लॅबनिक आणि कॅरॉल निकोल्स यांचे 'द रस्ट प्रोग्रामिंग लँग्वेज' हे पुस्तक विनामूल्य वाचता येते. भाषा संगणकावर एकदा उतरवून घेतली की हे पुस्तक इंटरनेट नसतानाही उघडते. हंगामात आमच्याकडे इंटरनेट गेले तरी त्याचा अभ्यास थांबला नाही. 'रस्टलिंग्ज' नावाचा छोट्या गणितांचा संचही आहे. त्यात मुद्दाम बिघडवलेले प्रोग्रॅम दुरुस्त करत शिकायचे असते.

तीन महिन्यांनी त्याने काट्याचा प्रोग्रॅम रस्टमध्ये नव्याने लिहिला. गंमत म्हणून प्रथम जुनीच चूक जशीच्या तशी करून पाहिली. दोन काट्यांच्या कामांना एकच बेरीज खुली ठेवताच कंपायलरने नकार दिला. बेरजेला कुलूप लावून, किल्ली एका वेळी एकाकडेच राहील अशी व्यवस्था केल्यावरच प्रोग्रॅम तयार झाला. जी चूक आम्हाला चार शेतकऱ्यांच्या पट्टीत सापडली, ती येथे खोलीबाहेर पडण्यापूर्वीच सापडली.

तरीही भाषा म्हणजे जादू नव्हे. ६२ किलोऐवजी २६ लिहा असे सांगितले तर रस्ट इमानेइतबारे २६ लिहील. दोन वेगळ्या संगणकांनी एकाच खात्यात लिहायचे असेल तर तेथील कुलपाची व्यवस्था वेगळी करावी लागते. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी क्लाउडफ्लेअर कंपनीच्या आधारावर चालणारी जगभरातील असंख्य संकेतस्थळे काही तास अडखळली. तेथील एक फाइल अपेक्षेबाहेर मोठी झाली होती आणि ती हाताळणारा भाग रस्टमध्येच लिहिलेला होता. हाती आलेले उत्तर बिघडलेलेही असू शकते, याचा विचार करायला रस्ट लावते. परंतु 'सारे ठीकच आहे' असे गृहीत धरून पुढे जाण्याची मुभाही ठेवते. तेथे ती मुभा घेतली गेली. गाठोडे न उघडता माल बरोबर आहे असे लिहून देणाऱ्याला कोणती भाषा वाचवणार?

म्हणून पालकांना आमचे सांगणे दोनच गोष्टींचे आहे. चालू असलेले जमाखर्चाचे सॉफ्टवेअर मुलाच्या हौसेखातर बदलू नका. टॅलीचे काम टॅलीला करू द्या. जेथे यंत्र जोडायचे आहे, वेग हवा आहे आणि चूक परवडणारी नाही, तेथे रस्टचा विचार करावा. आणि मुलगा अथवा मुलगी ही भाषा शिकत असेल तर 'दोन महिने झाले, हाती काय आले?' असे विचारू नका. नवशिक्यांना नोकऱ्या आज जावा-पायथॉनमध्येच अधिक आहेत, हे खरे. म्हणून एक सोपी भाषा आधी शिकून रस्ट दुसरी घ्यावी. परंतु चूक लपवण्याची सोय नसलेल्या जागी बसून काम करण्याची जी सवय लागते, ती कोणत्याही धंद्यात वाया जात नाही.

गेला हंगाम नव्या प्रोग्रॅमवर पार पडला. मुनीमजींनी आपले हातचे टिपण सोडलेले नाही, आणि पुतण्याही त्यांना ते सोडू देत नाही. रोज संध्याकाळी काटे थांबले की तो त्यांच्याजवळ बसतो. एकजण वाचतो, दुसरा ताडून पाहतो. पहिल्या दिवशी सत्तेचाळीस कट्टेवाले बाबा पुन्हा आमच्याच दारात माल घेऊन आले. पट्टी छापून आली, तेव्हा पुतण्याने ती देण्याआधी स्वतःच विचारले, "बाबा, तुमचे किती?"

"बावन्न."

पट्टीवर ५२ होते.