वाळवणाचे फोटो: आधी यादी, मग कॅमेरा

मैत्रिणींनो, चैत्र लागला की आमच्या गेवराईत गच्चीगच्चीवर कुरडया, शेवया नि बाजरीच्या खारोड्या वाळत पडतात. घरापुरतं करता करता कुणी विकायलाही लागतं. मग भाचा म्हणतो, "मामी, वेबसाइट करून देतो, फोटो तेवढे काढून ठेवा." इथंच घाई होते. भर दुपारी, ठेवणीतली साडी नेसून, भोवती रांगोळी काढून पंचवीस-तीस फोटो होतात, आणि खारोडी मात्र एकातही धड दिसत नाही!

तेव्हा आदल्या दिवशी वही घेऊन बसा. पुण्या-मुंबईच्या बाईला आपला माल हातात घेऊन पाहता येणार नाही. तिला काय विचारायचं असेल? केवढी आहे, तळल्यावर किती फुलते, पाकिटात किती येतात. प्रत्येक प्रश्नाला एक फोटो, झाली यादी. कच्ची कुरडई आणि तळलेली शेजारी शेजारी ठेवा. खारोडी तळहातावर घ्या, म्हणजे आकार सांगावा लागत नाही. पाकिटाची मागची बाजूही घ्या. वजन, तारीख, अन्नसुरक्षेचा 14 आकडी क्रमांक वाचता आला पाहिजे. तळण मात्र कॅमेरा तयार झाल्यावरच काढा बरं का, आधी तळून ठेवलेलं मऊ पडतं.

खारोडी दिसायला काळपट, हे खरंच. म्हणून ती खिडकीशी ठेवून बाजूच्या उजेडात घ्या. तीळ नि मिरचीचे कण उठून दिसतात. ऊन थेट येत असेल तर खिडकीला जुनं पांढरं धोतर लावा, दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा तुकडा उभा करा. स्टीलचं ताट नको, त्यात फोटो काढणाराच दिसतो! पत्रावळ छान. मोबाईलची काच मऊ कापडानं पुसायची आणि फ्लॅश बंद.

आता तारखेचं. गावातला फोटोग्राफर हवा असेल तर लग्नसराईत तो हाती लागत नाही. आषाढात मोकळा सापडतो. पण आषाढात वाळवण कुठून दाखवणार? म्हणून गच्चीवरचे फोटो उन्हाळ्यातच सकाळी आठ-नऊच्या कोवळ्या उन्हात घरच्या मोबाईलवर काढून ठेवा, आणि पाकिटांचे पुढं त्याच्याकडून. वेबसाइटच्या माथ्यावर आडवा फोटो लागतो, नाव लिहायला एका बाजूला मोकळी जागा सोडून. मालाचे चौकोनी चालतात. हे भाच्याला आधीच विचारून घ्या.

दुसऱ्याचे फोटो इंटरनेटवरून उचलणं मला मुळीच पटत नाही. गिऱ्हाइकाला एक दाखवून दुसरं पाठवायचं, हा कसला व्यवहार? शिवाय 1957चा कॉपीराइट कायदा आहेच. त्याच कायद्यानं, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो. तरी चार ओळी लिहून घ्याव्यात. मूळ फोटोही मागून घ्या. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखे पाठवले तर बारीक होतात. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा.

राहिला चेहऱ्याचा प्रश्न. करणारी दिसली की विश्वास बसतो, असं माझं मत. पण तुमच्याकडे चार बायका कामाला येत असतील तर फोटो कुठं लागणार, कोण कोण पाहणार, हे त्यांना आधी नीट सांगा. घरच्यांना विचारायचं तर विचारावं, पण पहिली विचारणा तिला. "मालकीणबाई म्हणाल्या म्हणून" दिलेला होकार हा होकार नव्हे. आमच्या गल्लीतल्या एक काकू चेहऱ्याला साफ नाही म्हणाल्या. मग सोऱ्या दाबणारे त्यांचे हात तेवढे घेतले, हिरव्या बांगड्यांसकट. वेबसाइटवर सगळ्यात वर तोच फोटो आहे.